रिकाम्या गाडीची फिर्याद

“काका, गाडी भरली की गुमान चालती, अन् रिकामी झाली की अंगात आल्यागत करती.”

टोमॅटोच्या हंगामातील एका सकाळी माझ्या गॅरेजच्या दारात पिकअप उभी करून एका तिशीच्या तरुणाने ही फिर्याद सांगितली आणि मी तिच्यावर काही विचारण्याच्या आतच खिशातून पावत्यांची एक गुंडाळी काढून माझ्यापुढे धरली. गेल्या चार महिन्यांत त्याने चारही चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतले होते, पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते, इंजिनाची माउंटिंग बदलली होती, इंजिनाची फिरकी मागच्या एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे तिन्ही क्रॉस नवे टाकले होते, आणि शाफ्टच्या मध्यावर जे सेंटर बेअरिंग असते तेही दोनदा बदलले होते. या साऱ्या खटाटोपात त्याचे २०,००० रुपयांहून अधिक खर्ची पडले होते. गाडीचा हप्ता चालू होता, घरी वडील शेतीकडे पाहत होते, आणि नारायणगावच्या बाजारात रोज संध्याकाळी क्रेट भरून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण या मार्गाने पहाटेच्या आत वाशीला पोचणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गाने रिकामे परतणे, हा त्याचा चरितार्थ होता. तो पावत्या एकेक उलगडून दाखवू लागला, मीही त्या वाचू लागलो, आणि त्याचे पहिले वाक्य आम्हा दोघांच्याही मनातून निघून गेले.

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात मी ४० वर्षे काढली आहेत, आणि या काळात मला जर कोणत्या कामाविषयी खरा आदर आणि खरी धास्ती वाटत आली असेल, तर ती कंपाचे मूळ शोधण्याच्या कामाविषयी होय. गळणारे तेल आपली वाट मागे ठेवून जाते, तुटलेला पाटा डोळ्यांना दिसतो, घासलेला ब्रेक आपल्या आवाजानेच पकडून देतो. परंतु कंप हा असा विलक्षण पाहुणा आहे की तो जन्मतो एका ठिकाणी, प्रवास करतो चासीच्या लोखंडातून, आणि प्रकट होतो भलत्याच ठिकाणी. चालकाला वाटते आसनाखाली काही सैल झाले आहे, शेजारी बसणाऱ्याला वाटते दार वाजते आहे, आणि प्रत्यक्ष कसूर असते तिथून दहा फुटांवर. म्हणूनच हे काम एखाद्या दक्ष मामलेदाराच्या चौकशीसारखे चालावे लागते: आधी फिर्याद, मग जबान्या, मग जागेचा पंचनामा, मग रुजुवात, आणि सर्वांत शेवटी फैसला. या क्रमात जो घाई करतो तो पुराव्यावाचून शिक्षा ठोठावतो. ज्या निर्दोष भागाला त्याने काढून फेकलेले असते त्याची किंमत गाडीचा मालक भरतो, आणि खरा अपराधी गाडीतच सुखेनैव राहतो. माझ्यापुढे पडलेल्या त्या पावत्या म्हणजे अशा निरपराधांची यादी होती.

दुपारी उन्हाचा भर ओसरल्यावर मी त्या तरुणाला शेजारी बसवून गाडी स्वतः हमरस्त्यावर काढली. प्रथम गाडी जागेवरच उभी असताना इंजिनाची गती सावकाश वाढवीत नेली, आणि सबंध पट्ट्यात कोठेही थरथर जाणवली नाही. मग रस्त्याला लागल्यावर वेग वाढवू लागलो. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत सारे शांत होते. ५० च्या सुमारास पावलांखाली एक बारीक झिणझिणी सुरू झाली, ५४ वर तिची घरघर झाली, आरशातले प्रतिबिंब पुसट झाले, आसन पाठीला लागून कापू लागले, आणि ६० ओलांडताच तो सारा उत्पात ओसरत गेला. या अवधीत माझे हात मात्र स्टिअरिंगवर निश्चल होते. पुढच्या चाकांत दोष असता तर त्याची पहिली वर्दी हातांना मिळाली असती. तोच वेग मी तिसऱ्या गिअरमध्ये धरून पाहिला आणि चौथ्यातही धरून पाहिला. इंजिनाची गती दोन्ही वेळी निरनिराळी होती, परंतु कंप आला तो त्याच ५४ वर. अखेर सपाट आणि मोकळ्या पट्ट्यावर क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये केली, तरी घरघर चालूच राहिली, फक्त किंचित मंदावली. एवढ्यावरून इंजिन निर्दोष सुटले. कसूर चाकांशी बांधलेल्या फिरत्या भागांपैकी कोणाची तरी होती, आणि ती मागच्या अंगाला होती.

आता चाक की शाफ्ट, एवढा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर साध्या अंकगणिताने बरेचसे मिळते. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. अशा गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरहून थोडा अधिक असतो, तेव्हा चाक सेकंदाला सुमारे ७ वेळा फिरते. प्रॉपेलर शाफ्ट मात्र डिफरेन्शियलच्या दातांमुळे चाकाच्या चौपट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३० वेळा. सेकंदाला सात धक्के माणसाच्या शरीराला निरनिराळे जाणवतात. ते हेलकाव्यासारखे असतात, पोटातले पाणी हलवतात. सेकंदाला ३० किंवा ६० धक्के मात्र मोजता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांची घरघर होते. माझ्या पाठीला आणि कानाला जे जाणवत होते ते हेलकावे नव्हते. म्हणजे बॅलन्सिंगवर झालेला खर्च मुळातच वाया गेलेला होता, आणि संशय शाफ्टवर येऊन स्थिरावला. परंतु शाफ्टचे क्रॉस नवे होते, बेअरिंग नवे होते, आणि शाफ्ट लेथवर चढवून तपासल्याचीही पावती त्या गुंडाळीत होती.

या ठिकाणी क्रॉसच्या सांध्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्याच्या स्वभावात या सबंध प्रकरणाचे मर्म आहे. हा सांधा फार जुना आहे. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याच्या नावाने तो युरोपात ओळखला जातो, आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचेही नाव त्याला जोडलेले आहे. एका दांड्याची फिरकी कोनात वळवून दुसऱ्या दांड्याला देणे हे त्याचे काम. परंतु ते काम तो पूर्ण सचोटीने करीत नाही. कोन असला की पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरत असतानाही दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक सुमारे दीड टक्का इकडे आणि दीड टक्का तिकडे एवढा असतो, आणि कोन वाढेल तसा तो झपाट्याने वाढतो. यावर उपाय एकच: शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा, तेवढ्याच कोनात आणि पहिल्याशी जुळवून बसवावयाचा, म्हणजे एकाने केलेली चूक दुसरा भरून काढतो. दोन्ही कोन समान असले तर हिशेब चुकता होतो. असमान झाले तर बाकी उरते, आणि ती बाकी सेकंदाला ६० वेळा गाडीच्या अंगावर आदळते.

या जुळणीचा धडा मी फार लवकर आणि फार लाजिरवाण्या रीतीने शिकलो होतो. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी, वस्ताद बाहेरगावी असताना, एका टेम्पोचे सेंटर बेअरिंग मी एकट्याने बदलले. त्यासाठी शाफ्टचे दोन तुकडे स्प्लाइनमधून ओढून वेगळे करावे लागतात. ते मी केले, आणि काम झाल्यावर दात जसे बसले तसे बसवून दिले. तिसऱ्या दिवशी टेम्पो थरथरत परत आला. वस्ताद गाडीखाली निजले, शाफ्ट हाताने थोडा फिरवला, दोन टोकांना क्रॉस धरणाऱ्या काट्यांकडे पाहिले आणि मला एवढेच विचारले, “खोलताना खूण केली होतीस का?” काटे एका रेषेत असावयास पाहिजे होते, ते तिरपे झाले होते, आणि दोन्ही सांधे परस्परांची चूक भरून काढण्याऐवजी तिच्यात भर घालीत होते. वस्तादांनी मजुरी परत केली, आणि त्या दिवसापासून पंचने खूण मारल्यावाचून मी कोणताही शाफ्ट सोडवलेला नाही. या पिकअपच्या शाफ्टवरही मी प्रथम तीच गोष्ट पाहिली. काटे एका रेषेत होते. ज्याने कोणी ते बसवले होते त्याने आपले काम बरोबर केले होते.

संध्याकाळी गाडी मागून उचलून, पुढच्या चाकांना दगड लावून, चाके अधांतरी फिरवून पाहण्याचे ठरवले. माझा मदतनीस होतकरू आहे, परंतु अजून शिकाऊ आहे. मी हात धुवून येईपर्यंत त्याने जॅक लावून आधाराच्या घोड्या चासीखाली ठेवून दिल्या होत्या. ते माझ्या ध्यानात आले नाही. मी इंजिन सुरू केले, गाडी चौथ्या गिअरमध्ये घेतली आणि सावकाश वेग वाढवला. काटा ४० वर येतो न येतो तोच सबंध गाडी अशी हादरू लागली की घोड्यांचे पाय फरशीवर कुरकुरले आणि मी तत्काळ इंजिन बंद केले. खाली वाकून पाहिले तेव्हा कारण दिसले. घोड्या चासीखाली असल्यामुळे मागचा एक्सल आपल्या वजनाने खाली लोंबत होता आणि शाफ्ट एखाद्या उताराच्या नळीसारखा तिरपा झाला होता. या धंद्याचा शिरस्ता असा की घोडी एक्सलच्या हौसिंगखाली ठेवावी, म्हणजे गाडीचा भार पाट्यांवर जसा रस्त्यावर असतो तसा राहतो. मदतनीसाला ते समजावून सांगत मी घोड्या बदलून घेतल्या, आणि पुन्हा वेग दिला. आता ५४ वर तीच रस्त्यावरची घरघर आली. वाईट, पण मघापेक्षा पुष्कळ सौम्य.

हात पुसता पुसता मी थांबलो. एक्सल खाली गेला तर कंप वाढतो, वर आला तर कमी होतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर गाडीची पाठ उंच झाली की कंप, खाली बसली की शांती. आणि गाडीची पाठ खाली कधी बसते? माल भरल्यावर. सकाळी दारात उभे राहून त्या तरुणाने मला हेच तर सांगितले होते.

तो बाहेर बाकावर बसून चहा पीत होता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारले, “हे थरथरायला लागायच्या आधी पाट्यांचं काही काम केलं होतंस का?”

तो क्षणभर गोंधळला. “ते तर लई आधीचं झालं, काका. हंगामाच्या तोंडाला दोन-दोन पाटे जादा चढवले. क्रेट वाढवायचे होते ना. पण त्या पाट्यांचा काही तरास नाही. मागून गाडी आता जरासुद्धा दबत न्हाई.”

जी गोष्ट त्याला गाडीचा गुण वाटत होती तीच तिची व्याधी होती. एक क्रेट २० किलोचे. बाजारात भाव चढले की दहावीस क्रेट अधिक नेण्याचा मोह कोणालाही होतो, आणि कमानवाला जादा पाटे चढवून तो मोह पुरवतो. परंतु अशा ताठ पाट्यांवर रिकामी गाडी मागून उंच उभी राहते, मागचा शाफ्ट अधिक तिरपा होतो, आणि पाट्यांची कमान बदलल्याने एक्सलही आपल्या जागी किंचित फिरतो, त्यामुळे शाफ्ट ज्याला जोडलेला असतो त्या डिफरेन्शियलच्या पिनियनचे तोंड वर वळते. कोनही वाढतात आणि त्यांची समानताही जाते. पिनियनचे तोंड, शाफ्टचा मागचा तुकडा आणि पुढचा तुकडा या तिहींचा उतार मी ओळंबा आणि कोनमापक लावून मोजला, आणि मधल्या सांध्यावर ७ अंश, तर मागच्या सांध्यावर ४ अंश असा हिशेब निघाला. तीन अंशांची ही बाकी त्या तरुणाने चार महिने पावत्यांनी फेडली होती. सेंटर बेअरिंग ज्यात टांगलेले असते ते दोनदा फाटलेले रबरही आता वेगळे दिसू लागले. ज्याला दोनदा गुन्हेगार ठरवून बाहेर काढले ते तर मार खाणारे होते, मारणारे नव्हते. ५४ हाच वेग का, याचेही उत्तर याच रबराशी होते: प्रत्येक टांगलेल्या वस्तूला डोलण्याची आपली एक लय असते, आणि झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्का जसा त्याला उंच नेतो, तसे त्या वेगाला शाफ्टचे धक्के त्या लयीशी जुळत होते.

तरीही तर्क कितीही बिनतोड वाटला तरी रुजुवातीवाचून फैसला देऊ नये, हा नियम मी मोडला नाही. शेजारच्या सिमेंटच्या दुकानदाराने विश्वासाने ५० किलोच्या २० गोण्या तासाभरासाठी दिल्या. गाडीतले काहीही न बदलता, एकही नट सैल न करता, ते १,००० किलो वजन मागे घालून आम्ही त्याच रस्त्यावर गेलो. काटा ५४ वर आला आणि तेथे स्थिर राहिला. मी वेग वाढवला नाही, कमी केला नाही. आम्ही दोघेही बोललो नाही. आरशात मागच्या ट्रकचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. काही वेळाने तो तरुण हळूच म्हणाला, “म्हंजे मीच केलं हे.”

मी त्याला म्हणालो, “तू पाटे चढवलेस ते घरासाठी. पण चार ठिकाणी गाडी दाखवलीस, तिथे हे कोणी विचारलं का तुला?” त्याने मान हलवली. हे मी त्याच्या सांत्वनासाठी म्हटले नव्हते. तो शिकलेला मेकॅनिक नव्हता. पाटे आणि कंप यांचा संबंध त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक असावयास हवे होते ते आम्हाला, आणि आम्ही प्रत्येकाने त्याचा शब्द ऐकण्याआधी पाना हातात घेतला होता. मीही त्याला अपवाद नव्हतो. सकाळी मी त्याच्या पावत्या वाचीत बसलो, आणि शिकाऊ मुलाच्या हातून घोड्या चुकीच्या जागी ठेवल्या गेल्या नसत्या तर आणखी किती वेळ शाफ्टभोवती फिरत राहिलो असतो, हे सांगवत नाही.

उपाय दोन होते. एक म्हणजे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनचे तोंड जागेवर आणणे, आणि बेअरिंगचा आधार काहीसा खाली घेणे. त्यात जादा पाटे राहिले असते. दुसरा म्हणजे पाटे काढून गाडी मूळ उंचीवर आणणे. पहिल्या उपायाने रिकाम्या गाडीचे कोन जुळले असते, पण भरल्या गाडीचे बिघडले असते. शिवाय जादा माल वाहण्याची सोय तशीच राहिली असती, आणि माळशेजच्या उतारावर तो माल अडवण्यासाठी ब्रेक मात्र कंपनीने दिलेल्या मापाचेच राहिले असते. हे मी त्याला कागदावर रेघा काढून समजावून सांगितले. त्याने बराच वेळ त्या रेघांकडे पाहिले, मनाशी क्रेटचा हिशेब केला आणि म्हणाला, “काढा पाटे. दहा क्रेट कमी नेईन.” दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट सोडवून आम्ही जादा पाटे उतरवले. नंतर ओळंबा लावला तेव्हा दोन्ही सांध्यांच्या कोनांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक उरला नव्हता. रिकामी गाडी घेऊन आम्ही ओतूरपर्यंत जाऊन आलो. ५४ हा आकडा इतर आकड्यांसारखाच निघून गेला.

या प्रकरणानंतर मी एक लहानसा बदल केला आहे. माझ्या गॅरेजात कामाची एक वही असते. तिच्यात पूर्वी गाडीचा नंबर, बदललेले भाग, मजुरी असे रकाने होते, आणि डाव्या कडेला ‘तक्रार’ असा बोटभर रुंदीचा एक रकाना होता, ज्यात आम्ही ‘व्हायब्रेशन’, ‘आवाज’, ‘गरम होते’ असा एकेक शब्द टाकून मोकळे होत असू. त्या एका शब्दात ‘कधी’ मावत नसे. आणि कंपाचा सारा इतिहास त्या ‘कधी’मध्येच असतो: भरलेली की रिकामी, थंड की तापलेली, चढाला की उताराला, कोणत्या वेगाला, आणि कोणत्या कामानंतर. नवी वही आखताना मी तो रकाना पानाच्या निम्म्या रुंदीचा केला, आणि मदतनीसाला सांगून ठेवले की गाडीवाला जे बोलेल ते त्याच्याच भाषेत, आपला एकही शब्द न घालता, तिथे उतरवावे, आणि ते लिहून होईपर्यंत बॉनेट उघडू नये. पहिल्या पानावर पहिली नोंद मी माझ्या हाताने केली आहे: “भरली की गुमान चालती, रिकामी झाली की अंगात आल्यागत करती.”